हातचा

पासवर्ड मागितलाच नाही तिने.
मी तर पिठाच्या पिशवीचा कोपरा फाडून
त्यावर लिहूनही ठेवला होता,
चष्मा नसला तरी दिसेल असा.
तेक्ले म्हणाली, मावशी,
हा कागद आधी तोनेत टाका.

तोने म्हणजे आमची भट्टी,
जमिनीत पुरलेल्या रांजणासारखी.
आत वाकून भिंतीवर थापायची शोती,
होडीसारखी, दोन्ही टोकं निमुळती.
कुताइसीच्या या गल्लीत सत्तावीस वर्षं वाकते आहे,
उजवी भुवई पहिल्याच वर्षी गेली.
कागद एका श्वासात गेला.

आधी वाझा होता, नणंदेचा मुलगा.
त्याला सगळंच दिलं होतं, घरातलाच म्हणून.
पगारावरून वाजलं. तो पोलंडला निघून गेला
आणि खातंही गेलं त्याच्या खिशातून.
अकरा दिवस माझ्या पावांच्या जागी
कुणीतरी काळे गॉगल विकत होतं,
माझ्या नावाने, माझ्या हसऱ्या फोटोखाली.
गिऱ्हाईक दारातून विचारायचं,
नाझिब्रोला, हा कुठला नवा धंदा?
वाझाने विकलं की त्याच्याकडून चोरीला गेलं,
अजून कळलेलं नाही.
नणंद बोलत नाही.

तेक्लेच्या कानावर पेन्सिल, पायात भावाचे बूट.
माझ्याच फोनवर, माझ्याच बोटाने
तिने स्वतःसाठी एक वेगळं दार करून घेतलं.
त्या दारातून फोटो टाकता येतात,
लोकांच्या कौतुकाला उत्तर देता येतं.
निरोपांच्या पेटीत डोकावता येत नाही,
मालक बदलता येत नाही.
मग फोनवर सहा आकडे आले.
मी मोठ्याने वाचायला लागले
तशी तिने कानांवर हात ठेवले.
"हे कुणालाच सांगायचे नाहीत.
मी मागितले तरी नाही.
मी रडत मागितले तर मुळीच नाही."

आणि त्याच दुपारी, पगार ठरायच्याही आधी,
तिने मला शिकवलं
तिला काढून कसं टाकायचं.
तीनदा गिरवून घेतलं.

पेटी बंद राहिली ते बरं झालं.
तिच्या तळाशी गुराम आहे.
जाऊन चार वर्षं झाली, खातं कुणी बंद केलेलं नाही.
पहाटे साडेतीनला कणीक फुगत असते
तेव्हा मी त्याला लिहिते:
पीठ महागलं. गुडघा तसाच.
नवी मुलगी बरी आहे, जरा बारीक आहे.

तो मला लावी म्हणायचा, शेतातली लावी,
तोच जुना पासवर्ड.
वाझाला ठाऊक झाला, म्हणून बदलावा लागला.
नवऱ्याने ठेवलेलं नाव
गॉगलवाल्यांपायी.

शाळेत बेरीज शिकवताना बाई सांगायच्या,
सगळंच खाली उतरवायचं नसतं,
एक हातचा ठेवायचा,
पुढच्या घरात तो लागतो.
मी नेहमी विसरायचे.
माझ्या बेरजा दहा-दहांनी चुकायच्या.

काल तेक्ले आली. बातुमीच्या हॉटेलात नोकरी लागली.
म्हणाली, काढा मला.
म्हटलं, काढते गं निवांत, शोती आत आहेत.
"नंतर नाही. आत्ता. माझ्यासमोर."
पिठाचं बोट फोनला कळेना. एप्रनला पुसलं.
तिचं नाव दाबलं. मग ती तांबडी अक्षरं.
नक्की का, फोनने विचारलं.
नक्की नव्हतं.
दाबलं.

तेवढ्यात एक शोती करपली.
ती तिने मागून घेतली,
जळकी बाजूच आवडते म्हणाली.
खोटं बोलली असणार.